आडवे, उभे आणि ताईचे बोट

पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, दोनच गोष्टी बोलू शकत होती. एक "हो" आणि दुसरी "तेच ते". भूक लागली तरी तेच ते, पाठ अवघडली तरी तेच ते, आणि मी तिच्या डाव्या पायात उजवी चप्पल सरकवू लागलो तरी तेच ते. फरक एवढाच की या तिसऱ्या वेळी मला गाढव ठरवल्याचे सुरातून स्वच्छ कळे. "हो" मात्र कोणत्याही प्रश्नाला मिळे, आणि म्हणूनच त्याचा उपयोग शून्य होता.

ही गोष्ट तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, प्रयोग करून सिद्ध केली होती. तो रेल्वेने आठ तासांवरच्या शहरात राहतो आणि विमानतळावर मालाच्या विभागात पाळ्या करतो. आईजवळ नऊ दिवस राहून निघताना त्याने मला जिन्यात गाठले.

"मामा, माझ्या घराजवळच्या शुश्रूषागृहात एक जागा रिकामी होतेय. महिनाअखेर कळवायचंय."

"ताईला विचारलंस?"

"विचारलं. तिकडे येतेस का, तर हो. मग विचारलं, इथेच राहतेस का, तर त्यालाही हो. मग विचारलं, मी वेडा आहे का."

"हो?"

"ते सगळ्यात आधी." तो हसला, पण फार वेळ नाही. "तिने स्वतः काय ते सांगितलं, तर मी तसंच करीन. पण सांगितलं पाहिजे, मामा. मान हलवण्यावर मी तिला या जिन्याच्या टोकाला एकटी ठेवणार नाही. चोवीस दिवस आहेत, तोवर तुम्ही बघा."

ताई शहात्तर वर्षांची. बाइंडरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती नवऱ्यामागे बारा वर्षे एकटी राहत होती. त्याआधी एकतीस वर्षे तिने एका छापखान्यात नोकरी केली होती. त्या खोल्या सोडायची कल्पना तिला मानवेल असे मला वाटत नव्हते. पण माझे वाटणे हा पुरावा नव्हे. मी तंत्रनिकेतनात शिकलो आणि पुढे चौतीस वर्षे वजनकाटे तयार करणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. काट्याने काय दाखवायला हवे आणि तो काय दाखवतो, यांतला फरक शोधणे हाच माझा पोटाचा धंदा होता.

आठवड्यातून दोनदा वाचोपचार करणारी एक तरुण बाई येई. तिने सगळे तपासून सांगितले, "काका, शब्द आत शाबूत असावेत असं वाटतं. ते तोंडाने घडवायचे कसे, तेवढं हरवलंय. उजवा हात खांद्यातून हलतो, पण पेन धरवत नाही. उजवीकडचं दिसतंही कमी. हा वर्णमालेचा तक्ता ठेवा समोर. बोट ठेवू द्या अक्षरांवर. पूर्वी कशाची आवड होती?"

"शब्दकोड्यांची."

"मग तीच द्या की."

आवड हा शब्द तसा थिटा होता. एकोणीस वर्षे आम्ही साप्ताहिकातले शब्दकोडे आपापल्या घरी सोडवत आलो होतो आणि अडलेले चौकोन फोनवरून एकमेकांना विचारत होतो. ज्यांना बाहेरच्या जगात कोणी विचारत नाही असे शब्द आमच्या घरी नेहमीचे होते. वापी म्हणजे विहीर, रव म्हणजे आवाज, अलि म्हणजे भुंगा. यांची बाकी सगळीकडची नोकरी सुटली आहे, पण कोड्यातल्या दोन चौकोनांत ती मंडळी अजून कामावर आहेत. ताईचे सामान्यज्ञानही अजब होते. एखाद्या देशाची राजधानी, तिथली नदी, तिथून परदेशी जाणारा माल हे तिला तोंडपाठ असे. पण तो देश नकाशात दाखव म्हटले तर ती खुशाल समुद्रावर बोट ठेवी. छापखान्यात डोळ्यांखालून गेलेल्या पाठ्यपुस्तकांतून तिला हे ज्ञान मिळाले होते, आणि नकाशे छापायला दुसरीकडे जात.

पहिले कोडे मी पाच बाय पाच चौकोनांचे आखले. काळे चौकोन सहा. पहिला संकेत वाचला: "आडवा शब्द, दोन अक्षरी. खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा धातू."

पारा. हे ती झोपेत सांगेल. तिने तक्त्याकडे न पाहता हात उचलला, 'घ'च्या चौकटीवर बोट टेकवले, मग तक्त्याबाहेर टेबलावर, मग 'ञ'वर, मग पुन्हा टेबलावर. आणि माझ्याकडे पाहिले, उत्तर दिलेल्या माणसासारखे.

मी वहीत लिहिले: घ, टेबल, ञ, टेबल.

दुसरा संकेत, तिसरा संकेत, सगळ्यांची हीच गत. मी कोडी सोपी करत गेलो. चौथ्या दिवशी पक्षी आणि फळे आली. सहाव्या दिवशी मी विचारले, "आकाशाचा रंग, दोन अक्षरी." ताईने मनगटाने माझी पेन्सिल टेबलावरून खाली ढकलली आणि म्हणाली, "तेच ते." त्याचे भाषांतर करायची गरज नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी घरी बसून वही चाळली. आमचे कर्मशाळेतले शिक्षक सांगत, फसलेले मोजमापही खोडायचे नाही, कारण ते का फसले हे त्याच आकड्यात लिहिलेले असते. म्हणून माझी सगळी नोंद जशीच्या तशी होती. तिच्यात "टेबल" हा शब्द एकसष्ट वेळा आला होता, आणि मला स्वतःची लाज वाटली. टेबल हे मोजमाप नव्हे. टेबलाला लांबी असते, रुंदी असते. काटा भलतीकडे गेला तर "भिंतीकडे गेला" असे लिहिणाऱ्या कामगाराला मी विभागात उभे केले नसते.

दुसऱ्या दिवशी ताईच्या टेबलावर मी चौकटीचा मोठा कागद पसरून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. तक्ता काढून टाकला. तिला म्हटले, "तू ठेव बोट, जिथे ठेवायचं तिथे. मी फक्त बघतो."

तिने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले.

सोबत आलेली माझी पत्नी खिडकीजवळ पडद्याला दुमड घालत बसली होती. ती म्हणाली, "वन्सं, आता तुमच्या जेवणाच्या टेबलाचा पण आलेख झाला. आमच्याकडचं मोजायचं उरलंच नाही काही."

"तेच ते," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी आदल्या आठवड्यातले तेच संकेत पुन्हा वाचले. प्रत्येक टेकलेल्या बोटाशी बारीक ठिपका, ठिपक्याशी क्रमांक. नवव्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा तेच. तिन्ही दिवसांचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले तेव्हा उजेडात जे दिसले ते पाहून मी खाली बसलो. 'पारा'चे ठिपके तिन्ही कागदांवर अंगठ्याच्या रुंदीइतक्या फरकाने एकाच जागी पडले होते. शिवाय दुसरा ठिपका आणि चौथा ठिपका यांची जागा एकच होती. आणि पाऱ्यात काना दोनदा येतो.

काटा बिघडतो तेव्हा तो दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, दर वेळी निराळे काहीतरी दाखवतो; असा काटा भंगारात जातो. दुसरी तऱ्हा म्हणजे दर वेळी तेवढ्याच अंतराने चुकतो. त्या काट्यात बिघाड नसतोच, त्याची पट्टी सरकलेली असते. ताईचे बोट चुकत नव्हते. तिची पट्टी कुठली, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

मग मी तक्ता करायला घेतला. उत्तर मला ठाऊक, बोटाची जागा कागदावर. म्हणजे प्रत्येक सुटलेल्या शब्दातून तीनचार अक्षरांच्या जागा मिळणार. कोड्याची रचनाही माझ्या मदतीला होती. आडव्या आणि उभ्या शब्दांना एक चौकोन सामाईक असतो. त्यातले अक्षर दोन्ही वेळा एकाच जागी आले तर जागा पक्की. बाराव्या दिवसापर्यंत चौदा अक्षरे पक्की झाली. एक गोष्ट मात्र खटकली. 'जिराफ' या शब्दात 'ज'ची जागा पहिली न येता दुसरी आली, आणि तिच्या आधी एक अनोळखी ठिपका. लिहिताना आपण आधी ज काढतो आणि मग त्याला वेलांटी देतो. ताई आधी वेलांटी देत होती. मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह करून ठेवले.

तेराव्या दिवशी सगळे कोसळले. संकेत होता, "कमळ, तीन अक्षरी," आणि उत्तर 'पंकज'. ताईने चार ठिकाणी बोट ठेवले. पण पहिली जागा 'पारा'मधल्या प ची नव्हती. तिसरीही क ची नव्हती. नंतरच्या दोन शब्दांतही असेच झाले. मी पक्की म्हणून शाई फिरवलेली अक्षरे पुन्हा पेन्सिलीवर आणली. 

सकाळी उठून पुन्हा त्याच चार ठिपक्यांपाशी बसलो. शेवटचा ठिपका ज चा, त्यात शंका नव्हती. दुसरा ठिपका 'पारा'मधल्या र शी तंतोतंत जुळत होता. पहिली जागा नवी, तिसरी नवी. मग मी वहीत चार चौकोन काढले, दुसऱ्यात र लिहिला, चौथ्यात ज लिहिला, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच मला आमच्या फोनवरच्या दुपारी आठवल्या. काहीतरी, र, काहीतरी, ज. कमळ.

सरोज.

ती बरोबर होती. कमळाला पंकज म्हणा, सरोज म्हणा, नीरज, जलज, अंबुज म्हणा. तीन चौकोनांत बसणारी अर्धा डझन नावे आहेत आणि तिने आपल्या आवडीचे घेतले. मी मात्र माझेच उत्तर खरे धरून तिला नापास करत होतो. आता कोडे ती घालत होती आणि सोडवायचे मला होते.

त्या दिवसापासून समानार्थी शब्द बंद केले. पाण्याला आपल्या भाषेत इतकी नावे आहेत की त्यावर कुठलेच मोजमाप उभे राहणार नाही. मला हवे होते एकच उत्तर असलेले संकेत, म्हणजे निव्वळ सामान्यज्ञान. सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह: बुध. इंद्रधनुष्याचा बाहेरचा रंग टाळला, कारण तो तांबडाही होतो आणि लालही. लोकर देणारा प्राणी घेतला तो केवळ ढ साठी, आणि अंगावर काळेपांढरे पट्टे असलेला घोड्याचा भाऊबंद घेतला तो झ साठी. शब्द सुंदर आहे की नाही, हा विचार प्रथमच सोडून मी त्यात कोणती अक्षरे दडली आहेत एवढेच पाहत होतो. ताईला त्यातली गोम कळली असावी. 'मेंढी' सांगताना तिने ढ वर बोट थोडे जास्त दाबले आणि भुवई उंचावली.

सोळाव्या दिवशी माझ्याकडे एकोणतीस अक्षरांच्या आणि खुणांच्या जागा होत्या. त्या मिळून एक आडवा लंबचौकोन होई, टेबलाच्या कडेपर्यंत पोचणारा. क, र, त, न, काना ही रोजची मंडळी तिच्या पोटाशी जवळ. ढ आणि झ पार कोपऱ्यात. ज्या हत्याराकडे हात वारंवार जातो ते हाताशी ठेवावे, हे कर्मशाळेतल्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोणीतरी ही मांडणी विचारपूर्वक केली होती. पण कोणी, कुठे? मी त्या कागदाकडे टक लावून बसलो होतो.

"अहो," पत्नी पडद्यावरून मान वर करून म्हणाली, "वन्सं दर वेळी हात परत डावीकडे का नेतात?"

"थकत असेल."

"दर अक्षराला थकतो? आणि तो डावा हात बघा. कधीपासून तसाच धरलाय."

मी पाहिले. ताईचा डावा हात छातीशी, तळवा वर, बोटे अर्धवट मिटलेली, अंगठा आत वाकलेला. उजवे बोट टेबलावर टेकले की उठून त्या डाव्या मुठीकडे जाई, तिथे क्षणभर थांबे आणि पुढच्या अक्षराला निघे. पंधरा दिवस मी फक्त जाणारे बोट मोजले होते. येणारे मोजलेच नव्हते.

"काहीतरी उचलून ठेवताहेत त्या," पत्नी म्हणाली. आणि मग हळूच, "अहो, त्या जुळवताहेत."

ताई एकदम वळली. "हो," ती म्हणाली. त्या "हो"ला या वेळी किंमत होती.

ताई छापखान्यात जुळारी होती. शिशाचे खिळे, एकेकावर एकेक उलटे अक्षर. समोर उतरती ठेवलेली शेसव्वाशे खणांची लाकडी पेटी, डाव्या हातात छोटी लोखंडी चौकट, आणि उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा, चौकटीत ठेवायचा, पुढचा उचलायचा. एकतीस वर्षे. वेलांटीचे कोडेही आपोआप सुटले. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे छापली जाते, म्हणून जुळारी तिचा खिळा आधी ठेवतो आणि ज नंतर. वाचोपचारवाल्या बाईने वर्णमाला क पासून मांडली होती. ताईच्या हाताची वर्णमाला त्या पेटीत होती. तोंडाला शब्द घडवता येत नव्हते, पण हात अजून कामावर होता.

तो छापखाना केव्हाच बंद झाला होता. तिथले यंत्र चालवणारा मशीनमन मात्र मुलाकडे राहतो हे बाइंडरला ठाऊक होते. सतराव्या दिवशी सकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने मला आत घेतले आणि बैठकीच्या खोलीतल्या भिंतीकडे बोट केले. तिथे एक खणांची पेटी उभी टांगली होती आणि प्रत्येक खणात काचेचे एक इवले जनावर बसवले होते.

"ही शेवटची," तो म्हणाला. "बाकीच्या सरपणात गेल्या. सूनबाईने हौसेने सजवलीय."

"काका, हत्तीला तेवढा धक्का लावू नका," सून आतून म्हणाली. "सोंड एकदा जोडलीय."

मी माझा कागद दाखवला नाही. आधी त्याच्याकडून ऐकायचे, मग ताडून पाहायचे. तो पेटीसमोर उभा राहिला, डोळे मिटले, हात हवेत फिरवला आणि सांगू लागला, "तो ससा बसलाय ना, तो क. त्याच्या शेजारचं बदक न. कासवाच्या जागी काना. मी काही जुळारी नव्हतो हं, पण शेवटी माणसं कमी पडली तेव्हा मीही हात मारायचो. तुमची ताई मात्र पेटीकडे बघायचीच नाही. आम्ही एकदा गंमत म्हणून दोन खणांतले खिळे अदलाबदल केले. तिने अर्धी ओळ जुळवली, थांबली, आणि मागे न वळता म्हणाली, ज्याने केलंय त्याने जेवायच्या सुट्टीआधी निस्तरावं."

"कोणी केलं होतं?"

"मीच. दुसरं कोण रिकामं होतं?"

घरी जाऊन पडताळले. माझ्या एकोणतीस जागांपैकी सव्वीस त्याच्या सांगण्याशी जुळल्या. उरलेल्या तीन जागांसाठी मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "ताई तिकडे बोट ठेवत असेल तर माझंच चुकलं. लिहून टाका." त्याने स्वतःहून आणखी बावीस खण सांगितले होते, अर्ध्या अक्षरांचे बरेचसे त्यातच आले.

अठराव्या दिवशी मी पेटीच्या मापाचा नवा कागद टेबलावर लावला. या वेळी प्रत्येक खणात अक्षर लिहिलेले होते, ताईसाठी नव्हे, माझ्यासाठी. मी पहिला संकेत वाचायला तोंड उघडले तर तिने डावा हात उभारून मला थांबवले. उजवे बोट निघाले. मी एकेक अक्षर लिहीत गेलो आणि शेवटी वाचले: खुर्ची उंच कर.

अठरा दिवसांत तिने स्वतःहून सांगितलेली ती पहिली गोष्ट. जुळारी उंच स्टुलावर बसतात. मी खुर्चीवर दोन जाड उशा घातल्या, आणि बोटातला फरक अंगठ्याच्या रुंदीवरून निम्म्यावर आला.

पुढचे पाच दिवस सराव केला. लांब वाक्ये तिला जमत नव्हती. तीनचार शब्दांनंतर हात भरकटे. खणांतही सत्तरएक जागा अजून कोऱ्या होत्या. पण आडवे, उभे शब्द ती सोडवत होती, मधूनच स्वतःचे काही जोडत होती. भाच्याचा प्रश्न मात्र मी तिला एकदाही विचारला नाही. प्रश्न त्याचा होता, विचारायचा त्यानेच, असे मी पत्नीला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आणि उत्तर तिकडचं आलं तर, याची धास्ती नाही ना?" मी पेन्सिलीला टोक करायला घेतले.

भाचा तेविसाव्या दिवशी सकाळी आला. पिशवी खाली ठेवण्याआधी त्याने टेबल पाहिले. मी त्याला सगळे क्रमाने सांगितले: ठिपके, सरोज, वेलांटी, काचेचा ससा. मग ताईने त्याच्यासाठी एक शब्द जुळवला आणि मी वाचून दाखवला, "वाळलास." त्याने स्वतःच्या गालावरून हात फिरवला. पण तो लगेच माझ्याकडे वळला.

"मामा, रागावू नका. बोट तिचं आहे, पण वाचता तुम्ही. ती चार ठिकाणी बोट ठेवते आणि तुम्ही त्याचं वाक्य करता. तुम्हाला हवं तेच वाक्य होत नसेल कशावरून?"

मला राग आला, पण क्षणभरच. कारखान्यात मीही हेच विचारले असते. ज्याने काटा बनवला त्याने तो तपासायचा नाही, हा पहिला नियम, आणि मी तो पाच दिवस विसरलो होतो.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. "मी खाली जाऊन बसतो. कागदावर अक्षरं लिहिलेली आहेत, तूच वाच. आधी असं काहीतरी विचार, जे तुला आणि तिलाच ठाऊक आहे. ते बरोबर आलं तर पुढचं विचार. वेलांटी आधी येईल, तेवढं लक्षात ठेव."

"आणि चूक आलं तर?"

"तर मी तेवीस दिवस स्वतःशीच कोडी सोडवत होतो."

ताई आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मी दार ओढून घेतले.

बाइंडरच्या दुकानात मी सव्वा तास बसलो. तो जुन्या शब्दकोशाच्या पाठीला कापड चिकटवत होता. वरून आवाज येत नव्हता. एकदा खुर्ची सरकली. एकदा भाचा मोठ्याने हसला. मी मनातल्या मनात सगळ्या शक्यता मांडल्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिले. 

शेवटी भाच्याने जिन्यातून हाक मारली.

वर ताई उशांवर ताठ बसली होती, दमलेली, गाल लाल. भाच्याच्या हातात कागद होता, दोन्ही बाजूंनी अक्षरांनी भरलेला, मध्ये खाडाखोड.

"पहिलं बरोबर आलं?" मी विचारले.

"आलं."

"काय विचारलंस?"

"ते आमच्यातलं आहे." त्याने नाक ओढले. "बरोबर आलं. मला झेपणार नाही इतकं बरोबर आलं. मग मी विचारलं, कुठे राहायचंय. तर मामा, तिने उत्तरच दिलं नाही. मलाच विचारायला लागली."

त्याने कागद पुढे केला. अक्षरे त्याने ज्या क्रमाने आली तशीच लिहिली होती, वेलांटी आधी, आणि खाली जुळवून शब्द. खिडकी कुठे. त्याने सांगितले होते, मागच्या गल्लीकडे. दिवसा कोण. त्याने सांगितले होते, दिवसा तो कामावर, शुश्रूषागृहातल्या बायका असतात. दार आतून कडी. इथे कागदावर बरीच कोरी जागा होती.

"मला माहीत नव्हतं," भाचा म्हणाला. "मी तिथे फोन करून विचारलं. आतून कडी नसते म्हणाले. सुरक्षेसाठी. हिला सांगितलं तसं." त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "मग हे."

इथेच. सकाळी बाई ठेव.

मी तो कागद दोनदा वाचला. वाचणारा मी नव्हतो, विचारणारा मी नव्हतो, आणि तरीही त्यात ताई पहिल्या अक्षरापासून होती. प्रश्नाचे उत्तर देण्याआधी चार बाजूंनी ताडून पाहणारी.

"मी शब्द दिला होता," भाचा तिला म्हणाला. "जागा सोडतो म्हणून कळवतो. पण जिन्याला दोन्हीकडून कठडा बसवल्याशिवाय मी परत जाणार नाही, आणि त्यावर तुला बोट ठेवायला मिळणार नाही."

"तेच ते," ताई म्हणाली. तो फोन लावत गॅलरीत गेला.

मी तिच्यासमोर बसलो. वही उघडली आणि उद्याच्या कोड्याचे चौकोन आखू लागलो. तिने माझ्या पट्टीवर हात ठेवला. मग तिचे बोट कागदावर निघाले, हळू, मधे थांबत. भाचा गॅलरीतून परतला तो तिच्या खांद्याशी उभा राहिला आणि माझ्याआधी वाचू लागला.

"मामा, ती म्हणतेय, रोज नको. एक दिवसाआड."

"का?" मी ताईला विचारले.

बोट पुन्हा निघाले. ह. काना. त. मग थोडा वेळ ते टेबलावरच विसावले, आणि तेव्हाच मला दिसले की तिचा खांदा थरथरतो आहे, आणि तो आज प्रथमच थरथरत नसावा. तेवीस दिवस मी त्या हाताची प्रत्येक हालचाल मिलिमीटरमध्ये लिहिली होती.

"हात दुखतो," भाच्याने वाचले.

मी पट्टी बाजूला ठेवली आणि तिच्या खांद्याखाली उशी द्यायला उठलो.